तपासणीनंतरचे घर

ग्रीसमधल्या बिओशिया भागात ऑर्कोमेनॉस नावाचे गाव आहे. तिथल्या साधारण दर चार-पाच माणसांमागे एक जण सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वाहक. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. त्याला हिमोग्लोबिनचे एक जनुक बदललेले मिळालेले असते आणि दुसरे नेहमीचे. बहुतेक वाहक आयुष्यभर धडधाकट राहतात. प्रश्न येतो तो दोन वाहकांचे लग्न झाले तर. मग प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. संशोधकांच्या पथकाने गावाचे रक्त तपासले, ज्याचा निकाल त्याला सांगितला आणि लग्न ठरवताना दोन्हीकडचे निकाल ताडून पाहा, असे समजावले. लग्ने घरच्यांनी जमवायची, ही तिथली रीत. त्यामुळे सल्ला लगेच अमलात येईल, अशी आशा धरायला जागा होती.

काही वर्षांनी पुन्हा पाहणी झाली. जॉर्ज स्टामाटोयानोपुलोस यांनी १९७४मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. रुग्ण मुलांच्या जन्माचे प्रमाण होते तिथेच होते. बदलली होती ती वाहकांकडे बघण्याची गावाची नजर. वाहक असणे हे स्थळातले उणे ठरू लागले होते आणि काही घरांनी निकाल दडवून सोयरिकी केल्या होत्या. म्हणजे तपासणी बिनचूक होऊनही आजार हटला नाही, आणि धडधाकट माणसांच्या वाट्याला मात्र आधी नसलेला त्रास आला.

रक्ताच्या थेंबातून निघालेली माहिती घरात शिरते, तेव्हा नवरा-बायको, सासू-सून, भावंडे, उपवर मुले यांच्या नात्यांचे काय होते, हा या लेखाचा विषय आहे. आनुवंशिक तपासणीबद्दल मराठीत बरेच लिहिले जाते. त्यातले बहुतेक लेखन जनुक म्हणजे काय, चाचणी कशी होते आणि आजार कसा टाळावा, एवढ्यावर थांबते. निकाल घेऊन माणूस दवाखान्याची पायरी उतरतो त्यानंतरचे काय, हे पाहणारी एक स्वतंत्र अभ्यासशाखा गेल्या चार दशकांत उभी राहिली आहे. तिच्या पायाभरणीत ज्यांचे नाव आधी घ्यावे लागते, त्या ब्रिटनमधल्या आरोग्य मानसशास्त्रज्ञ थेरेसा मार्टो.

मार्टो यांनी लंडनच्या गायज हॉस्पिटलच्या आवारात मानसशास्त्र आणि जनुकशास्त्र यांचा एकत्र अभ्यास करणारा गट चालवला. पुढे २०१०मध्ये त्या केंब्रिज विद्यापीठातल्या वर्तन आणि आरोग्य संशोधन केंद्राच्या संचालक झाल्या आणि २०१७मध्ये त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला. १९८९मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी एक छोटे संपादकीय लिहिले. विषय होता तपासणीची मानसिक किंमत. त्या काळी तपासण्यांचा हिशेब दोन रकान्यांत मांडला जाई: किती आजार सापडले आणि किती पैसे लागले. मार्टो यांनी तिसरा रकाना मागितला. तपासणीला बोलावल्याने, निकालाची वाट पाहिल्याने आणि निकाल चुकीचा निघाल्याने माणसाला जे सोसावे लागते, त्याचीही मोजदाद करा, असे त्यांचे म्हणणे होते.

नुसती मागणी करून त्या थांबल्या नाहीत, ही या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट. ‘लोकांना त्रास होतो’ असे कोणीही म्हणू शकतो. किती होतो, कोणाला होतो, किती दिवस टिकतो आणि कशाने कमी होतो, हे दाखवायचे तर मोजमाप हवे. चार्ल्स स्पीलबर्गर यांची चिंता मोजणारी प्रश्नावली तेव्हा सर्रास वापरली जात होती. त्या क्षणी किती चिंता वाटते हे तपासणाऱ्या तिच्या भागात २० विधाने आहेत. तपासणीच्या रांगेत बसलेल्या गरोदर बाईपुढे २० विधानांचा कागद ठेवणे अवघड. मार्टो आणि हिलरी बेकर यांनी १९९२मध्ये त्यातली सहाच विधाने निवडली. आत्ता शांत वाटते का, ताण आल्यासारखे वाटते का, मन विस्कटल्यासारखे आहे का, निवांत वाटते का, समाधान आहे का, काळजी लागली आहे का. प्रत्येकापुढे चार पर्याय, अजिबात नाही पासून खूप पर्यंत. पेन हातात घेतल्यापासून मिनिटभरात काम संपते. तीन विधाने सुखाची आणि तीन त्रासाची असल्याने एकाच बाजूला खुणा करत सुटणाऱ्याचा कलही लक्षात येतो. सहा विधानांचे गुण २० विधानांच्या गुणांशी चांगले जुळतात, हे त्यांनी दाखवले. आज जगभरच्या रुग्णालयांत ही छोटी प्रश्नावली वापरली जाते.

या मोजपट्टीने काय सापडले, ते समजायला त्या काळातली गरोदरपणातली एक तपासणी पाहावी. आईच्या रक्तात अल्फा-फीटोप्रोटीन नावाचे प्रथिन किती आहे, हे सोळाव्या आठवड्याच्या सुमारास पाहत. प्रमाण जास्त निघाले तर बाळाच्या मणक्यात दोष असण्याची शक्यता. पण दिवस मोजण्यात चूक झाली असेल किंवा जुळी असतील, तरीही ते प्रमाण वाढलेले दिसते. म्हणजे ‘निकाल वाढीव’ असा निरोप मिळालेल्या बहुतेक बायकांची बाळे ठणठणीत असतात. डॉक्टरांच्या दृष्टीने पुढची सोनोग्राफी नीट आली की प्रकरण मिटले. आईच्या बाबतीत ते तसे मिटत नाही, असे मार्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाहणीत दिसले. सारे ठीक असल्याचे सांगितल्यावरही बाळाबद्दलचा घोर काहींच्या मनात रेंगाळत राहिला. खरे तर आपल्याकडेही गरोदर बाईला ‘जरा रिपोर्टमध्ये काहीतरी आले आहे’ एवढेच वाक्य फोनवर सांगितले जाते आणि पुढचे आठ दिवस घरात कोणी नीट जेवत नाही. त्या आठ दिवसांची नोंद कोणत्याही फायलीत नसते.

उलट बाजूची चूक आणखी खोल जाते. तपासणी म्हणते सारे ठीक आणि बाळ जन्मते डाऊन सिंड्रोम घेऊन. सू हॉल, मार्टिन बॉब्रो आणि मार्टो यांनी २०००मध्ये अशा घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डाऊन सिंड्रोम असलेल्या १७९ मुलांच्या आई-वडिलांशी ते बोलले. मुले दोन ते सहा वर्षांची होती. काही आयांना गरोदरपणात तपासणीविषयी कोणी विचारलेलेच नव्हते, काहींनी ती नाकारली होती आणि काहींना चुकीचा दिलासा मिळाला होता.

पहिला निष्कर्ष मन हलके करणारा आहे. एकूणात हे आई-वडील चांगले सावरले होते. मुलांवर त्यांचे प्रेम होते आणि संसार रुळावर होते. पण चुकीचा दिलासा मिळालेल्या आयांचा ताण, तपासणी नाकारलेल्या आयांपेक्षा जास्त होता आणि मुलाविषयीची भावना अधिक कडवट होती. याचा धागा सापडला दोष देण्यात. ज्यांनी जे झाले त्याचे खापर दुसऱ्या कोणावर फोडले होते, त्यांना सावरणे जड गेले होते. तपासणी कुठलाही आजार शंभर टक्के पकडत नाही, हे आधीच नीट सांगितले असते तर फसवले गेल्याची सल इतकी खोल रुतली नसती, असे या अभ्यासावरून वाटते.

दोष देण्याचा धागा मार्टो यांनी आधीही पकडला होता. हॅरिएट ड्रेक यांच्यासोबत १९९५मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी डॉक्टरांना आणि सर्वसामान्यांना कल्पित प्रसंग वाचायला दिले. एका आईला तपासणीविषयी कोणी विचारलेच नाही, दुसरीने विचारपूर्वक नाही म्हटले. दोघींना डाऊन सिंड्रोमचे मूल झाले. वाचणाऱ्यांनी नाही म्हणणारीला जास्त दोषी धरले. धोक्याची सूचना यात आहे. तपासणी उपलब्ध झाली की ती न करणे हा अपराध ठरू लागतो. पूर्वी जे नशिबाचे मानले जाई ते आता आईच्या निष्काळजीपणाचे ठरते. आणि घरोघरी हा ठपका कोणाच्या माथी येतो, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. सिकलसेलसारख्या आनुवंशिक आजारात बाप आणि आई दोघांचा वाटा निम्मा निम्मा असला, तरी ‘हे आमच्या घराण्यात नव्हते’ हे वाक्य सुनेलाच ऐकावे लागते.

म्हणून मार्टो, एलिझाबेथ डॉर्मंडी आणि सुझन मिची यांनी २००१मध्ये मांडलेली कसोटी फार महत्त्वाची. माणसाने तपासणीचा निर्णय समजून-उमजून घेतला की नाही, हे कसे ओळखायचे? त्यांनी तीन गोष्टी जोडल्या. तपासणीविषयीची माहिती पुरेशी आहे का, तपासणीकडे पाहण्याची त्या व्यक्तीची वृत्ती काय आहे आणि प्रत्यक्षात केलेली कृती त्या वृत्तीशी जुळते का. या कसोटीवर, सगळे समजून घेऊन ‘मला नको’ म्हणणारी बाई पूर्ण गुणांनी उत्तीर्ण होते. आणि डॉक्टरांनी लिहून दिले म्हणून काही न कळता हात पुढे करणारी नापास होते, तिची तपासणी कितीही वेळेवर झाली असली तरी. सरकारी कार्यक्रमांचे यश ‘किती जणांची तपासणी झाली’ या एका आकड्यावर मोजणाऱ्यांना ही कसोटी गैरसोयीची वाटते. तरी ती लावायलाच हवी.

इथपर्यंत वाचून वाटेल की तपासणी म्हणजे नुसता ताप. तसे नाही, आणि हे सर्वांत ठळकपणे दिसले ते ज्या आजारात सर्वाधिक भीती होती तिथे. हंटिंग्टन हा मेंदूचा आजार बहुधा ऐन चाळिशीत डोके वर काढतो. हातपाय आपोआप हलू लागतात, स्वभाव बदलतो, बुद्धी ढासळत जाते. आई किंवा बाप रुग्ण असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. आजार रोखणारे औषध नाही.

नॅन्सी वेक्सलर यांच्या आईला, लिओनोर यांना, १९६८मध्ये हे निदान झाले. वडील मिल्टन वेक्सलर मनोविश्लेषक. त्यांनी नॅन्सी आणि ॲलिस या विशीतल्या मुलींना समोर बसवून सगळे सांगितले आणि त्याच वर्षी या आजाराच्या संशोधनासाठी संस्था उभी केली. नॅन्सी यांनी मिशिगन विद्यापीठात मानसशास्त्रातली डॉक्टरेट केली. प्रबंधाचा विषय होता अशा टांगत्या तलवारीखाली जगणाऱ्या माणसांचे मन. लिओनोर १९७८मध्ये गेल्या. पुढच्याच वर्षी नॅन्सी व्हेनेझुएलातल्या माराकायबो सरोवराकाठच्या वस्त्यांत पोचल्या, कारण जगात कुठेही नसतील इतके हंटिंग्टनचे रुग्ण तिथे एकाच विस्तारलेल्या गोतावळ्यात होते. रक्त द्यायला लोक बिचकत. परदेशी बाई येऊन रक्त का मागते? नॅन्सी यांनी स्वतःच्या दंडावरचा, कातडीचा नमुना दिल्याचा व्रण दाखवला आणि सांगितले की माझ्या आईलाही हाच आजार होता. त्यानंतर माणसे पुढे झाली. त्या वंशावळीत पुढे १८,००० हून अधिक जणांची नोंद झाली. १९८३मध्ये चौथ्या गुणसूत्रावर आजाराची खूण सापडली आणि १९९३मध्ये जनुकच हाती आले.

चाचणी येण्याआधी विचारले असता धोक्याच्या छायेतल्या बहुसंख्य लोकांनी आम्ही ती करू असे म्हटले होते. चाचणी आल्यावर बहुतेक देशांत पाचातला एकही धड पुढे आला नाही. प्रश्नावलीतला होकार आणि प्रत्यक्षातला होकार यांत एवढे अंतर का पडते, याचा विचार प्रत्येक आरोग्य नियोजकाने करावा. ज्या माहितीवर उपाय नाही ती कवटाळून जगण्यापेक्षा अनेकांना अनिश्चितता बरी वाटते, आणि त्यात वेडेपणा नाही. नॅन्सी यांनी स्वतः चाचणी केली की नाही, हे कित्येक वर्षे जाहीर केले नव्हते. २०२०मध्ये त्यांनी आपल्यालाही हा आजार असल्याचे सांगितले.

जे पुढे आले त्यांचे काय झाले? कॅनडात चाचणीआधी आणि नंतर समुपदेशन देऊन लोकांवर लक्ष ठेवले गेले आणि १९९२मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर चांगला निकाल मिळालेल्यांची मनःस्थिती सुधारलेली होती, यात नवल नाही. पण वाईट निकाल मिळालेलेही, ज्यांना काहीच कळले नव्हते त्यांच्यापेक्षा बरे होते. आजार येणार हे कळल्यावर ते घर, नोकरी, मुले यांची व्यवस्था लावायला मोकळे झाले होते. आत्महत्यांची लाट येईल ही भीतीही खरी ठरली नाही. १९९९मधल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत ४,५२७ जणांपैकी ४४ जणांच्या बाबतीत आत्महत्या, तसा प्रयत्न किंवा मानसिक आजारासाठी रुग्णालयात दाखल होणे, यांपैकी काही घडले. प्रमाण एक टक्क्याहून थोडे कमी. पाच माणसे गेली. हा आकडा लहान म्हणून विसरण्याजोगा नाही, आणि म्हणूनच हंटिंग्टनची चाचणी समुपदेशनाच्या भेटींशिवाय करू नये असा दंडक जगभर आहे.

कॅनडातल्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट पुढे आणली. चांगला निकाल मिळालेल्यांपैकी सुमारे दहा टक्क्यांना सावरणे कठीण गेले. ‘तुम्हाला हा आजार होणार नाही’ हे ऐकून माणूस खचतो, हे बाहेरच्याला पटत नाही. पण भावाला आजार आहे, बहिणीला येणार आहे आणि आपण सुटलो, याचे ओझे असते. काहींनी चाळिशीपलीकडे आयुष्य नाहीच असे धरून लग्न टाळलेले असते, कर्जे काढलेली असतात. निकाल आल्यावर अचानक पुढची तीस वर्षे समोर उभी राहतात. भावंडांपैकी एकाचा निकाल बाकीच्यांची नाती बदलतो, आणि आजवर घराने जिच्याबद्दल ‘हिलाच होणार’ असे मनोमन धरलेले असते तिला काही होत नाही असे कळल्यावर घराची घडीच विस्कटते.

नवजात बाळांच्या बाबतीत स्वीडनने घेतलेला अनुभवही लक्षात ठेवावा असा आहे. १९७२ ते १९७४ या काळात तिथे दोन लाख बाळांमध्ये अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची कमतरता शोधली गेली. ही कमतरता असलेल्याने धूम्रपान केले तर फुप्फुसे लवकर खराब होतात. आई-वडिलांना वेळेत कळले तर मूल जपले जाईल, हा हेतू चांगलाच होता. पण अर्ध्याहून अधिक आई-वडिलांना मोठा मानसिक धक्का बसला आणि आयांमध्ये तो कित्येक वर्षे टिकला. कार्यक्रम बंद झाला. पुढे ती मुले मोठी झाली तेव्हा त्यांच्यात धूम्रपान करणारे बरोबरीच्या मुलांपेक्षा कमी निघाले. मग कार्यक्रम फसला म्हणायचा की साधला? दोन्ही खरे आहे. आई-वडिलांना निरोप देण्याची रीत सुधारली असती, तर फायदा राहून त्रास कमी झाला असता, असे म्हणायला जागा आहे.

तपासणीमुळे घरात आनंद परत येतो, याचे उदाहरण लंडनमधल्या सायप्रसच्या लोकांचे. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे एक मूल असलेल्या घरांचा अभ्यास बर्नाडेट मॉडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. प्रत्येक पुढच्या मुलाला तोच आजार होण्याची शक्यता चारात एक, एवढेच सांगून डॉक्टर थांबत होते तोवर ही जोडपी मूलच होऊ देत नव्हती. चुकून दिवस राहिले तर अनेक जणी गर्भपात करून घेत. गर्भातच निदान करणे शक्य झाले आणि त्याच घरांनी पुन्हा मुले होऊ दिली, असे या गटाने १९८०मध्ये दाखवले. धोक्याची नुसती टक्केवारी देणे आणि त्या टक्केवारीवर काही करता येईल असा रस्ता देणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ऑर्कोमेनॉसच्या घरांना टक्केवारी मिळाली, रस्ता मिळाला नाही.

लग्ने जमवणाऱ्या समाजात रस्ता काढता येतो, हे ब्रुकलिनच्या कर्मठ ज्यूंनी दाखवले. टे-सॅक्स हा ज्यू समाजात जास्त आढळणारा आजार लहानग्यांचा चार-पाच वर्षांत जीव घेतो. मायकेल काबॅक यांनी १९७१मध्ये बाल्टिमोर आणि वॉशिंग्टन परिसरात त्याची तपासणी सुरू केली, तीही धर्मगुरू, डॉक्टर आणि समाजातल्या मंडळींना बरोबर घेऊन, आधी बराच काळ समजावण्यात घालवून. कर्मठ ज्यूंची अडचण वेगळी होती. त्यांना गर्भपात मान्य नव्हता आणि वाहक असल्याचे बाहेर फुटले तर भावंडांचीही लग्ने अडत. टे-सॅक्सने चार मुले गमावलेले रब्बी जोसेफ एकस्टाइन यांनी १९८३मध्ये ‘दोर येशोरिम’ ही संस्था काढली. मुलामुलींचे रक्त लग्नाच्या वयाआधी तपासतात, प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो, निकाल मिळत नाही. स्थळ पुढे आले की दोन्ही क्रमांक फोनवर कळवायचे. जोडी जुळते की जुळत नाही, एवढेच उत्तर मिळते. एकच वाहक असेल तर तेही कोणाला कळत नाही.

शिक्का बसू न देण्याची ही युक्ती विलक्षण आहे. तिची किंमतही आहे. माणसाला स्वतःच्या शरीराबद्दलची माहिती नाकारली जाते आणि लग्नाचा निर्णय एका संस्थेच्या उत्तरावर टांगला जातो. तरीही जिथे लोक एकमेकांची घराणी तीन पिढ्यांपर्यंत ओळखतात, तिथे हा मार्ग माणुसकीचा ठरला, असेच म्हणावे लागेल. अमेरिकेत त्याच्या दशकभर आधी सिकलसेलच्या बाबतीत नेमके उलटे झाले होते. काही राज्यांनी कृष्णवर्णीयांवर तपासणीची सक्ती केली. वाहक आणि रुग्ण यांतला फरक ना कायदे करणाऱ्यांना नीट उमगला होता ना विमा कंपन्यांना. धडधाकट वाहक तरुणांना हवाई दलाच्या अकादमीत प्रवेश मिळत नव्हता. ते दार १९८१मध्ये उघडले.

आता घरबसल्या थुंकीचा नमुना पाठवून जनुकांचा अहवाल मागवायचे दिवस आहेत. ‘धोका कळला की माणूस सुधारतो’ अशी या चाचण्यांची जाहिरात असते. मार्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६मध्ये १८ अभ्यास एकत्र तपासले. जनुकीय धोका कळल्याने धूम्रपान, आहार, व्यायाम यांत फरक पडतो, याला पुरावा मिळाला नाही. नुसत्या भीतीच्या बळावर सवयी सहजी बदलत नाहीत, हे आरोग्य मानसशास्त्राला आधीपासून ठाऊक होते. जनुकांनाही ते लागू पडले.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी संबंध अगदी थेट आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट, नंदुरबार आणि धुळे या पट्ट्यात सिकलसेल पिढ्यान्‌पिढ्या आहे. मुंबई, उल्हासनगर भागातल्या सिंधी, लोहाणा, कच्छी समाजांत थॅलेसेमियाचे वाहक जास्त आढळतात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८०च्या दशकात गडचिरोलीत सिकलसेल असल्याचे तपासणीतून दाखवून दिले, आणि गावकऱ्यांना हा प्रश्न तेव्हा निकडीचा वाटत नव्हता हेही त्यांनीच मोकळेपणाने नोंदवले. ज्यावर त्या काळी हाती उपचार नव्हता, त्या आजाराचे नाव कळून करायचे काय? आज स्थिती बदलली आहे. हायड्रॉक्सियुरियासारखे औषध रुग्णाचे वेदनेचे झटके कमी करते, नवजात बाळाचे निदान लवकर झाले तर त्याला जंतुसंसर्गापासून जपता येते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि २०४७पर्यंत सिकलसेलचे निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्र त्यात आहे. तपासलेल्यांना कार्ड मिळते आणि लग्नाआधी कार्डे जुळवून पाहा, असे सांगितले जाते.

हे ऐकून ऑर्कोमेनॉस आठवल्याशिवाय राहत नाही. आश्रमशाळेतल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या हाती वाहक असल्याचे कार्ड येते, तेव्हा तिला ते कोण समजावते? वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे तिच्या आईला तिच्या बोलीत, गोंडीत, भिलीत किंवा पावरीत कोणी सांगते का? कार्ड शेजारणीला दिसले तर? दोन वाहक एकमेकांना आवडले तर त्यांना नुसते ‘करू नका’ म्हणायचे, की गर्भातल्या निदानाची सोय कुठे आहे, येण्याजाण्याचा खर्च कोण देईल, हे सांगायचे? शिबिरात दिवसभरात काही शे नमुने घेणाऱ्या आरोग्य सेविकेकडून आणि आशाताईंकडून हे सारे अपेक्षित धरणे अन्यायाचे आहे. त्यासाठी शिकलेला, पगार मिळणारा आणि पुन्हा पुन्हा त्याच गावात जाणारा समुपदेशक लागतो.

या विषयात खोल जाऊ पाहणाऱ्याने मार्टो आणि मार्टिन रिचर्ड्स यांनी संपादित केलेला ‘द ट्रबल्ड हेलिक्स’ हा १९९६चा ग्रंथ जरूर पाहावा. त्याची सुरुवात तज्ज्ञांच्या लेखांनी होत नाही. आनुवंशिक आजार घेऊन जगणाऱ्या कुटुंबांच्या हकिगती आधी येतात, शास्त्र नंतर.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांकडे, विशेषतः सिकलसेलच्या पट्ट्याजवळच्या विभागांकडे, एक मागणे आहे. मार्टो यांच्या सहा विधानांची प्रश्नावली आपल्या बोलींमध्ये आणा, ती पारखून घ्या आणि सिकलसेलच्या कार्डवाटपानंतर एक महिन्याने, एक वर्षाने आणि मुलगी लग्नाची झाल्यावर, त्याच घरात पुन्हा जाऊन विचारा. आरोग्य खात्याने किती नमुने घेतले हा आकडा दर महिन्याला वर जातोच. या घरांचा आकडाही त्याच तक्त्यात, त्याच महिन्यात गेला पाहिजे.